काळं लोखंड, पांढरी चादर

बंदुकीचा चांगला फोटो काढायला चांगला कॅमेरा लागतो हे मला अजिबात मान्य नाही. चांगली चादर लागते. पांढरी, धुवट, डबल बेडची असेल तर उत्तम. आणि ढगाळ दिवस लागतो. कॅमेरा कुठलाही चालतो.

हे वाचून आमच्या माईआत्याच्या भुवया वर गेल्या असणार, म्हणून आधी खुलासा. आत्या, मी बंदूक घेतलेली नाही, घेणारही नाही. बंदुका आमच्या शेजारच्या आजोबांच्या आहेत. ओहायोतल्या या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचे ते शेजारी. वय ८१, आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे चौदा रायफली आहेत आणि त्या सगळ्या एकाच घराण्यातल्या: ली-एनफील्ड. म्हणजे ब्रिटिश फौजेची ती '.३०३', जी आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे. बँकेच्या दारात, गणपतीच्या बंदोबस्तात, मतदान केंद्राबाहेर. आपण तिला 'थ्री नॉट थ्री' म्हणायचो, आजोबा 'स्मेली' म्हणतात. वस्तू तीच.

आजोबांना फोटो हवे होते विम्यासाठी. साध्या घरविम्यात बंदुका चोरीला गेल्या तर भरपाईला मर्यादा असते. जास्तीचं संरक्षण हवं असेल तर यादी द्यावी लागते, नंबर द्यावे लागतात, फोटो द्यावे लागतात. नातवाने सुट्टीत येऊन फोटो काढले होते, फ्लॅश टाकून, बेडरूमच्या गालिच्यावर. विमावाल्यांनी ते परत पाठवले. मी पाहिले आणि मला विमावाल्यांचं वाईट वाटलं. चौदा फोटो, चौदा काळ्या काठ्या, प्रत्येक काठीच्या मधोमध एक पांढरा भडका.

तर मुद्दा असा की बंदुकीचं पोलाद हा आरसा आहे. काळा आरसा, पण आरसाच. त्या निळसर-काळ्या झाकेला इकडे ब्लूइंग म्हणतात. तुम्ही फोटो काढता तेव्हा लोखंडाचा रंग फारसा येतच नाही, लोखंडात जे दिसतं त्याचा फोटो येतो. खोलीतला दिवा, तुमचा टीशर्ट, खिडकीचे गज, सगळं. कॅमेऱ्याचा फ्लॅश तर भिंगाच्या अगदी शेजारी बसलेला असतो, तो थेट परत तोंडावर येतो. म्हणून फ्लॅश बंद. हे पहिलं आणि जवळजवळ शेवटचं.

मग आरशात काय दिसायला हवं? पांढरं, मोठं, सपाट काहीतरी. म्हणजे चादर. लोक चादर खाली अंथरतात आणि वर बंदूक ठेवतात, ते उलटं आहे. चादर बाजूला किंवा वर धरायची, उजेड तिच्यातून गाळून घ्यायचा. आम्ही आजोबांच्या पोर्चवर, म्हणजे आपल्या ओसरीवरच म्हणा, कपडे वाळवायच्या दोरीवर चादर टांगतो. बाहेर ढग असतील तर चादरही नको, आभाळच चादर. ओहायोतल्या हिवाळ्याला इथले लोक आणि आम्ही देशी मंडळी सगळेच शिव्या घालतो. नोव्हेंबर ते मार्च सूर्य म्हणजे ऐकीव गोष्ट. पण काळ्या पोलादाला तो राखाडी उजेड असा काही मानवतो की विचारू नका.

नळी गोल असते, त्यामुळे तिच्यावर उजेडाची एक लांब पट्टी पडते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पट्टी घालवायचा प्रयत्न करू नये, ती फार कामाची आहे. नळी जिथे स्वच्छ असेल तिथे पट्टी सुईसारखी सरळ जाते. जिथे पोचा असेल, गंजाचे खड्डे असतील, कुणीतरी कानस मारली असेल, तिथे ती मोडते, थरथरते. फ्लॅशच्या फोटोत यातलं काही कळत नाही.

खाली काय अंथरायचं? पांढरं नको आणि काळं मखमल तर मुळीच नको. कॅमेऱ्याचा मेंदू भाबडा असतो. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडं असणार असं धरून तो उजेड ठरवतो. खाली पांढरं असलं की तो म्हणतो, 'बापरे, किती उजेड', आणि सगळं काळवंडवून टाकतो. बंदुकीची मग नुसती सावली उरते. खाली काळं असलं की उलटं, ब्लूइंग पांढुरकं, धुतल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण असतं त्याने हे सुधारता येतं (पांढऱ्यावर अधिक, काळ्यावर उणे), पण त्यापेक्षा करडी घोंगडी अंथरा ना. आमच्याकडे गाडीच्या डिकीतली करडी चादर होती, तीच घेतली. तिचे तंतू मात्र बोल्टला चिकटतात, ते बघावे लागतात. दोन्ही टोकांखाली खोडरबर ठेवून बंदूक बोटभर उचलली की सावली जरा लांब पडते आणि कडा स्पष्ट दिसतात.

माझा कॅमेरा २००६ साली घेतलेला, ६ मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. लेक म्हणते आता कॉलेजातली मुलं असले कॅमेरे मुद्दाम शोधून विकत घेतात, म्हणजे मी अचानक फॅशनमध्ये आले :-) फोनने निघणार नाहीत का? निघतील की. पण फोन स्वतःचं डोकं फार चालवतो, पोलादावरचे बारीक ओरखडे गुळगुळीत करून टाकतो, आणि मला नेमके ओरखडेच हवे असतात. शिवाय फोनमध्ये जागेची नोंद चालू राहिली तर फोटोबरोबर घराचा पत्ताही जातो. चौदा बंदुका कुठल्या घरात आहेत हे सोबत लिहून पाठवण्यासारखंच झालं ते. माझ्या जुन्या डब्याला आपण कुठे आहोत हे ठाऊकच नाही. उत्तम.

आता जरा हिशोब करू, कारण 'मेगापिक्सेल जास्त हवेत' हा युक्तिवाद मला फार ऐकावा लागतो. (नवऱ्याकडून. त्याला नवा कॅमेरा घ्यायला निमित्त हवंय.) ही रायफल ११३ सेंटिमीटर लांब. माझ्या फोटोची रुंदी २८१६ ठिपके. दोन्हीकडे थोडी जागा सोडली तर रायफलीच्या वाट्याला २६०० येतात. म्हणजे एका सेंटिमीटरला २३ ठिपके. नंबराचा आकडा तीन मिलिमीटर उंच धरला तर त्याच्या नशिबी सात ठिपके. सातात ३ आणि ८ सारखेच दिसणार. बरं, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तर? पंधरा. हजारभर डॉलर खर्चून पंधरा ठिपके! त्यापेक्षा फुलाच्या चित्राचं बटण दाबा आणि जवळ जा. पूर्ण रायफलीचा एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, आणि मग तुकड्यातुकड्याने सगळं. अख्ख्या बंदुकीचा फोटो फक्त ओळखीपुरता असतो. माहिती सगळी जवळच्या फोटोत.

एक गंमत या अख्ख्या फोटोचीही आहे. झूम न करता, जवळून, रुंद कोनातून काढला तर भिंगामुळे सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात आणि चक्क नळी वाकलेली दिसते. चार पावलं मागे जायचं आणि मधला झूम वापरायचा. डिजिटल झूम नव्हे, तो नुसता फुगवतो.

बाकी किरकोळ. कॅमेरा तिकाटण्यावर, तिकाटणं नसेल तर डाळीच्या पिशवीवर. आयएसओ सगळ्यात कमी. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना हात हलला तरी चालतो. बंदूक काही पळून जात नाही, अर्धा सेकंद लागला तरी लागू दे. ट्यूबलाइट, बल्ब आणि खिडकी असा तीन प्रकारचा उजेड एकत्र करू नये, नाहीतर अक्रोडाचा दस्ता नारिंगी आणि पोलाद जांभळं होतं. कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स जुळवला की झालं.

सुरक्षेचं मात्र किरकोळ नाही. टेबलावर काडतूस नसलं पाहिजे, खोलीतही नको. बंदूक मी उचलत नाही, आजोबाच उचलतात. बोल्ट मागे ओढून, मॅगझिन काढून ते नळीचा मागचा भाग रिकामा असल्याचं बोट घालून तपासतात, मग मला दाखवतात, आणि मग आम्ही दोघं पुन्हा बघतो. दर वेळी. चौदाच्या चौदा गेली कित्येक वर्षं रिकाम्याच आहेत, तरी दर वेळी. फोटोतही बोल्ट उघडाच ठेवायचा. नळी रस्त्याकडे किंवा कुणाच्या घराकडे नाही. आणि हातात सुती मोजे, कारण घामातल्या मिठाने पोलादावर बोटांचे ठसे गंजून उमटतात. काम झालं की ते तेलाच्या फडक्याने पुसून ठेवतात. चकचकीत मात्र करत नाहीत. जुनी झाक घासून काढली की संग्राहकांच्या लेखी वस्तूची अर्धी किंमत गेली. आपल्याकडे पितळी समई चिंचेने घासणाऱ्यांना हे पटायचं नाही, मलाही आधी जड गेलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

इंटरनेटवर बंदुकांचे जे 'सुंदर' फोटो असतात ते मला आवडत नाहीत. काळी मखमल, तिरपी ठेवलेली बंदूक, शेजारी विखुरलेली पितळी काडतुसं, एखादा खंजीर, क्वचित व्हिस्कीचा पेला. हे फोटो वस्तूबद्दल काही सांगत नाहीत, मालकाच्या मनातल्या सिनेमाबद्दल सांगतात. आणि विकणारे लोक त्या अंधाराचा फायदा घेतात. १९६८ च्या अमेरिकन कायद्यानंतर बाहेरून आणलेल्या बंदुकीवर आयात करणाऱ्याचं नाव कोरावं लागतं. नंतर कोरलेल्या अशा खुणेमुळे संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते, म्हणून ती सावलीत लपते. दस्त्याची भेग घडीखाली जाते. नंबर जुळत नसलेला बोल्ट नेमका फोकसच्या बाहेर राहतो. माझ्या मते ज्या फोटोत दोष दिसत नाहीत तो वाईट फोटो, कितीही मोहक असला तरी. लग्नाच्या स्थळाच्या फोटोबद्दलही माझं हेच मत होतं, पण ते तेव्हा कुणी ऐकलं नाही, असो.

माझ्या लेकीच्या शाळेत दार लावून, दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव होतो. का होतो ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा तिने घरी येऊन तो खेळ असल्यासारखा सांगितला तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते अजून तसंच आहे. अशी आई बंदुकांचे फोटो का काढते, हा प्रश्न मला दोन मैत्रिणींनी विचारला आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं: मला भीती वाटते ती बिननोंदीच्या बंदुकीची. चोरीला गेलेली बंदूक पोलिसांना ओळखायची तर नंबर लागतो, आणि तो मालकाकडे लिहिलेला नसेल तर ती कुणाचीच उरत नाही. आजोबांच्या मागे हे घर त्यांच्या मुलीकडे जाईल. ती दूर राहते आणि तिला बंदुकांचा मनापासून तिटकारा आहे. कुणीतरी येऊन सगळ्या एका दमात, मिळेल त्या भावाला घेऊन जाईल, आणि कुणी काय नेलं हेही तिला कळणार नाही. चौदा बंदुका अशा वाऱ्यावर जाण्यापेक्षा प्रत्येकीचा चेहरा, नंबर आणि हकीकत तिच्या हातात असावी. मग तिने विकाव्यात, संग्रहालयाला द्याव्यात, वितळवाव्यात, तिची मर्जी. मैत्रिणींपैकी एकीला हे पटलं, एकीला नाही.

पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण आहे. आजोबांना आता मधलं दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे, कडेचं दिसतं, समोरचं पुसट. नंबर ते बोटाने वाचतात, देवळातल्या जुन्या शिलालेखावरून हात फिरवावा तसे. आणि बोटाला सगळंच कळत नाही.

कोरीव खुणांचा फोटो हा या सगळ्यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे. त्यासाठी मऊ उजेड उपयोगाचा नाही. चादर काढायची, खोलीत जरा अंधार करायचा, आणि साधी बॅटरी अगदी आडवी, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरायची. मावळतीला शेतातल्या सऱ्या कशा दिसतात, तसं होतं. दुपारी सपाट वाटणारं लोखंड एकदम खाचाखोचांनी भरून जातं. ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा तो रुंद बाण. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले तर वस्तू फौजेच्या सेवेतून विकली गेली. दस्त्याच्या मुळाशी उजव्या हाताला मुकुट, कारखान्याचं नाव आणि साल.

यातल्या तीन रायफली इशापूरच्या आहेत. म्हणजे आपल्या बंगालमधल्या. एकीच्या लाकडात आरपार घातलेला जादा स्क्रू आहे, त्याला जगभरचे संग्राहक 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. दुसरीच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे, तोंडावर पेला बसवून ग्रेनेड फेकण्यासाठी मजबुती म्हणून. तिसरीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत. आजोबांना ते सिंह आहेत हे ठाऊक होतं, पण बोटाला तो नुसता एक खडबडीत ठिपका लागायचा. मी फोटो टीव्हीवर लावला. पंचावन्न इंची पडद्यावर ते सिंह हातभर झाले. आजोबा खुर्ची सरकवून पुढे गेले, मान वाकडी केली, डोळ्याच्या कडेने बघत राहिले आणि म्हणाले, "तीनच दिसताहेत. चौथा मागे आहे ना?" मी हो म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी आतून एक तंबाखूचा डबा आणला. (बंदुका कुलपात गेल्यावर. नियम म्हणजे नियम.) डब्यात .३०३ ची उडवलेली, रिकामी पितळी टरफलं, वेगवेगळ्या देशांतली. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरं असतात, चौदा मिलिमीटरच्या गोलात. त्यांना ती दिसत नाहीत म्हणून मी एकेक फोटो काढून पडद्यावर लावत गेले. पाचव्या की सहाव्या टरफलावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं आली. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी. म्हणजे खडकी!

माझे बाबा एकतीस वर्षं तिथे होते. दारूगोळा कारखाना, खडकी, स्थापना १८६९. सकाळच्या भोंग्यावर आमच्या घरातला कुकर लागायचा. बाबांनी तिथे काय बनतं हे घरी कधी बोलून दाखवलं नाही, तशी शिस्तच होती, आणि आम्हीही विचारलं नाही. टरफलावरचं साल बाबांच्या जन्माआधीचं आहे, त्यामुळे 'हे बाबांनी बनवलं' असला सिनेमा मी करणार नाही. पण त्या दोन अक्षरांचा फोटो मी जितका काळजीने काढला तितका लेकीच्या मुंजीचाही... बरं, लेकीची मुंज नसते, पण तुम्हाला कळलं. बॅटरी आठ दिशांनी फिरवून बघितली. शेवटी डावीकडून, अगदी आडवी, तेव्हा 'के'चा तिरका पाय नीट उमटला. दादाने तो फोटो पुण्यात आईला दाखवला. आई म्हणाली, "पितळ बघ कसं ठेवलंय त्या माणसाने."

कोकणातल्या मंडळींसाठी जाता जाता. राजूकाका, तुमच्या माळ्यावरची ती ठासणीची बंदूक, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करता ना? पुढच्या वेळी जमा करण्याआधी फोटो काढून ठेवा. डावीकडून, उजवीकडून, नंबर, दस्त्यावरची ती तार, आणि परवान्याचं पानही. परत घेताना आपलीच आहे हे बघायला बरं. अंगणात दुपारच्या उन्हात नको, पडवीत काढा. आणि आधी ती रिकामी आहे ना ते तुम्ही स्वतः बघा, बंड्याला सांगू नका.

आमच्या आतापर्यंत सहा झाल्या. प्रत्येकीचे अठरा-वीस फोटो, आणि आजोबा त्या रायफलीबद्दल जे सांगतात ते मी वेगळ्या फाइलीत टाइप करते: कुठून घेतली, कितीला, काय बदललं, काय मूळचं. दोन पेनड्राइव्ह केले आहेत. एक विम्याच्या कागदांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये, कारण घर जळलं तर घरातला पेनड्राइव्हही जळणार. दुसरा मुलीला पाठवला. तिने अजून उघडलेला नाही, असं आजोबा म्हणतात. पुढच्या शनिवारी ढग आहेत. तांब्याच्या तारेवाली तेव्हा घेऊ, तार चमकते फार, दुसरी चादर लागेल.